डब्याने भाजी चाखावी का?

पत्र थोडक्यात: पुण्यात एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या वाचकाचं हे पत्र. कंपनीत साठेक अंतर्गत लायब्रऱ्या (इतर प्रोग्रामांत वापरायचे कोडचे तयार तुकडे) आहेत. बहुतेक पायथनच्या, काही नोडच्या, दोन-तीन रस्टच्या. त्यांचं पॅकेज बांधायचं, व्हर्जन द्यायचं आणि कंपनीच्या रजिस्ट्रीवर (सगळ्यांच्या सामायिक भांडारावर) चढवायचं, एवढ्यासाठी एक छोटं टूल आहे. त्याचं नाव 'डबा'. चार वर्षांपूर्वी ते टीम लीडने लिहिलं, हल्ली हे वाचक सांभाळतात. काही महिन्यांपूर्वी एका लायब्ररीचं मोडकं व्हर्जन रजिस्ट्रीवर गेलं (एक टेम्प्लेट फाइल पॅकेजात जायची राहिली होती) आणि दोन टीमचा अख्खा शुक्रवार त्यात गेला. तेव्हापासून यांच्या मनात आहे की डब्यातच युनिट टेस्टिंग (कोडचा एकेक छोटा भाग बरोबर चालतो का ते तपासणं) असावं. 'डबा टेस्ट' अशी कमांड, टेस्ट लिहायला लागणारी फंक्शनं, रिपोर्ट, आणि टेस्ट पास झाल्याशिवाय लायब्ररी चढवूच न देणारं कुलूप. दोन वीकेंड बसून त्यांनी बाराशे ओळी लिहूनही टाकल्या. लीडने पाहिल्या आणि म्हणाले, "डबेवाला भाजीत मीठ आहे का ते बघत नाही. हे पॅकिंगचं टूल आहे, तेवढंच राहू दे." वाचकांना हे पटत नाही. आत असलं की लोक टेस्ट लिहितील, बाहेर ठेवलं तर कोणी ढुंकून बघणार नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न दोन: बरोबर कोण? आणि लीड ऐकत नसतील तर विषय थेट मॅनेजरकडे न्यावा का?

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या कंसातल्या वाक्यावर अडकले, पण त्याकडे थोड्या वेळाने येते. आधी 'आत असलं की लोक लिहितील' हे तुमचं गृहीतक बघू, कारण बाराशे ओळी त्याच्याच जोरावर उभ्या आहेत.

एनपीएमने, म्हणजे नोडच्या पॅकेज टूलने, नवं पॅकेज सुरू करताना काय होतं, आठवा. तुम्ही 'एनपीएम इनिट' म्हणता, काही प्रश्नांना एंटर मारता, आणि तयार होणाऱ्या फाइलमध्ये टेस्टची ओळ आपोआप येते. त्या ओळीत लिहिलेलं असतं: 'एरर: नो टेस्ट स्पेसिफाइड', आणि पुढे 'एक्झिट 1'. म्हणजे टेस्ट लिहिलेली नसेल तर कमांड मुद्दाम नापास होते. यापेक्षा 'आत' काय असणार? तरी तुमच्याच कंपनीतल्या नोडच्या लायब्रऱ्या उघडून बघा. किती ठिकाणी ती ओळ जशीच्या तशी आहे आणि किती ठिकाणी कोणीतरी शेवटचा एक खोडून शून्य (म्हणजे पास) केलाय, ते मोजा. पैज लावायला मी तयार आहे.

मी पूर्वी जिथे होते तिथे असंच कुलूप लावलं होतं. टेस्ट नसेल तर रिलीज नाही. पहिल्या महिन्यात सगळे खूश, कारण डॅशबोर्ड हिरवागार. मग एक दिवस कशासाठी तरी मी सगळ्या लायब्रऱ्यांतून एक शब्द शोधत होते, तर एकच फाइल पुन्हा पुन्हा समोर यायला लागली. नाव 'टेस्ट डमी'. आत एकच दावा: एक बरोबर एक. कोणीतरी एकदा लिहिली आणि बाकीच्यांनी उचलली. फंक्शनच्या नावात स्पेलिंगची चूक होती, ती चूकही सगळीकडे इमानेइतबारे गेली होती. त्यात लोकांचा दोष आहे असं मला आजही वाटत नाही. कुलपाने विचारलं होतं 'टेस्ट आहे का?', त्यांनी उत्तर दिलं 'आहे'.

तेव्हा आत असणं आणि लिहिलं जाणं यांचा संबंध तुम्ही समजता तेवढा सरळ नाही. तरीही पूर्णपणे लीडच्या बाजूने मी नाही. पर्लच्या जगात तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं ठरलं. सीपॅन हे पर्लच्या लायब्रऱ्यांचं भांडार 1995 पासून आहे, आणि तिथलं पॅकेज आपल्या मशीनवर टाकायची रीतच अशी होती: आधी बांधा, मग 'मेक टेस्ट', आणि मगच 'मेक इन्स्टॉल'. सीपॅनचं टूल हे तिन्ही स्वतः करतं. म्हणजे तुम्ही माझी लायब्ररी घेतलीत की तिच्या टेस्ट तुमच्या मशीनवर चालतात. लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की आपली टेस्ट परक्याच्या घरी, परक्या ऑपरेटिंग सिस्टीमवर धावणार आहे. त्यातून 'सीपॅन टेस्टर्स' उभे राहिले. नवं पॅकेज आलं की हे स्वयंसेवक ते आपापल्या मशीनवर चालवून लेखकाला निकाल कळवतात. माझ्या ओळखीतले पर्लवाले टेस्ट लिहिण्याबाबत फार कडक, आणि त्यात या रीतीचा हात नक्की आहे.

पण त्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. रात्री साडेअकरा, गिऱ्हाइकाचा सर्व्हर, एक लायब्ररी टाकायची, तिच्यामागे चाळीसेक डिपेन्डन्सी, म्हणजे तिला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या. प्रत्येकीच्या टेस्ट चालतायत, स्क्रीनवर 'ओके, ओके, ओके' सरकतंय, आणि पस्तिसाव्या पॅकेजात एक टेस्ट पडली. का, तर सर्व्हरला बाहेरचं नेटवर्क बंद होतं आणि त्या टेस्टला कुठल्याशा वेबसाइटला हात लावायचा होता. लायब्ररी ठणठणीत. इन्स्टॉल मात्र थांबलेलं. 'नो-टेस्ट' हा पर्याय मी त्या रात्री शिकले आणि नंतर, खरं सांगायचं तर, सवयीने वापरत राहिले.

पर्लमधली एक बारीक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. तिथे पॅकेजच्या टूलने टेस्ट *कशी लिहायची* ते कधी ठरवलं नाही. टेस्टने फक्त साध्या ओळी छापायच्या: 'ओके 1', 'ओके 2', 'नॉट ओके 3'. ही पद्धत 1987 च्या पहिल्या पर्लपासूनची. ओळी कोणी छापल्या, कुठल्या फ्रेमवर्कने छापल्या, याच्याशी टूलला देणंघेणं नाही.

आता पायथनकडे येते, कारण तुमच्या बहुतेक लायब्रऱ्या तिथल्या, आणि तुम्ही जे करू पाहताय ते तिथे करून झालंय.

सेटअपटूल्स हे पायथनचं पॅकेज बांधायचं जुनं टूल. त्यात 'सेटअप डॉट पीवाय टेस्ट' अशी कमांड होती. कल्पना तुमचीच: बांधणाऱ्या टूलनेच टेस्ट चालवाव्यात, टेस्टला लागणाऱ्या लायब्रऱ्याही त्यानेच आणाव्यात. मेख तिथेच होती. टेस्टसाठीच्या लायब्रऱ्या ते टूल पिपला (पायथनची पॅकेजं आणणाऱ्या नेहमीच्या टूलला) न विचारता आपल्या जुन्या मार्गाने आणायचं, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवायचं. पिपच्या सेटिंगमध्ये तुम्ही कंपनीची रजिस्ट्री लावली असेल, तर ह्याला तिचा पत्ताच नाही. शिवाय ते मुळात पायथनसोबत येणाऱ्या युनिटटेस्टला धरून बांधलेलं. मग पायटेस्ट हे टेस्ट लिहायचं-चालवायचं दुसरं टूल आलं, लोकांना आवडलं, आणि दोघांचं जुळवायला लोक सेटअप डॉट पीवायमध्ये टेस्ट कमांडचा एक छोटा क्लास चिकटवायला लागले. पायटेस्टच्या माहितीपत्रात तो नमुना होताच, त्यामुळे कित्येकांनी तो जसाच्या तसा उचलला.

2019 मध्ये सेटअपटूल्सने सांगितलं, ही कमांड आता वापरू नका. कोणी मनावर घेतलं नाही, चाललंय ना मग. जुलै 2024 च्या शेवटी त्यांनी 72.0 व्हर्जनमध्ये ती काढून टाकली. झालं काय, तर लोकांच्या *टेस्ट* मोडल्या नाहीत, *इन्स्टॉल* मोडलं. पॅकेज बांधताना सेटअप डॉट पीवाय ही फाइल चालवावी लागते, तिच्या वरच्या बाजूलाच तो टेस्टचा क्लास इम्पोर्ट केलेला, आणि ज्यातून इम्पोर्ट करायचं ते मॉड्यूलच गायब. बरं, पिप बांधणीसाठी सेटअपटूल्सचं सगळ्यात ताजं व्हर्जन आपणहून आणतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली पॅकेजही एका रात्रीत आडवी झाली. ज्यांनी त्या टेस्ट जन्मात चालवल्या नसतील, त्यांचीही. लगोलग 72.1 काढून ते मॉड्यूल परत आणावं लागलं.

हा किस्सा तुमच्या लीडने ऐकलेला असणार. नसला तरी त्यांची भीती नेमकी हीच आहे, फक्त ती त्यांनी डबेवाल्याच्या नावावर खपवली. पॅकेजच्या टूलमध्ये गेलेली गोष्ट बाहेर काढता येत नाही. तुमची असर्ट फंक्शनं (उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं का ते तपासणारी) आज साठ लायब्रऱ्यांनी वापरली, तर उद्या पायटेस्टमध्ये जे जे नवं येईल ते तुमच्याकडे मागायला लोक येतील. पॅरामीटर लावून एकच टेस्ट दहा वेळा चालवायची, टेस्ट समांतर चालवायच्या, कव्हरेज (टेस्टनी किती कोड तपासला त्याचा हिशेब) हवं. यातलं प्रत्येक काम एकेका स्वतंत्र प्रोजेक्टचं आहे आणि तुम्ही ते पॅकेजिंग सांभाळता सांभाळता करणार आहात.

इथे तुम्ही म्हणाल, मग रस्टचं काय? कार्गोमध्ये, म्हणजे रस्टच्या पॅकेज टूलमध्ये, टेस्ट आहेच की. गो भाषेतही आहे.

आहे, आणि छान आहे. रस्टचं मला कौतुकच वाटतं. टेस्टची व्यवस्था सगळीकडे एकसारखी असल्यामुळे 'क्रेटर' नावाचं त्यांचं टूल कंपायलरचं नवं व्हर्जन काढण्याआधी क्रेट्स डॉट आयओ या रस्टच्या भांडारावरच्या लायब्रऱ्या जुन्या आणि नव्या कंपायलरने बांधून, टेस्ट चालवून, काय बिघडलं ते ताडून बघतं. प्रत्येक लायब्ररीत टेस्ट चालवायची तऱ्हा वेगळी असती तर हे जमलं असतं का?

पण कार्गोच्या पोटात काय आहे ते नीट पाहा. टेस्ट म्हणजे काय हे कार्गोला माहीत नाही, कंपायलरला माहीत आहे. फंक्शनवर टेस्टची खूण करायची सोय भाषेतच आहे, असर्ट स्टँडर्ड लायब्ररीत. कार्गो फक्त म्हणतं, हे टेस्टच्या रूपात कंपाइल कर, आणि जे निघेल ते चालवतं. हार्नेस (टेस्ट शोधून चालवणारी तयार व्यवस्था) बंद केला तर तेवढंही नाही. मग तुमचा कुठलाही प्रोग्राम तो टेस्ट म्हणून चालवतो आणि शेवटी शून्य परत आला की नाही एवढंच बघतो. आणि मला सगळ्यात बोलकी वाटते ती गोष्ट म्हणजे 'कार्गो पब्लिश'. इतकं सगळं हाताशी असताना पब्लिश करताना कार्गो टेस्ट चालवत नाही. ते पॅकेज बांधतं, बांधलेलं पुन्हा उघडतं, आणि उघडलेल्यातून लायब्ररी कंपाइल होते का ते पाहतं. बस.

रस्ट आणि गोवाल्यांना एक सोय होती: एक भाषा, एक कंपायलर, आणि भाषा, टूल, टेस्ट सगळं एकाच घरातलं. तुमच्या डब्यात तीन भाषा आहेत. पायथनवाल्याने तुमची असर्ट वापरायची आणि रस्टवाल्याने कुठली? पत्रात तुम्ही यावर काहीच लिहिलेलं नाही, आणि बाराशे ओळी फक्त पायथनसाठी असणार असा माझा कयास आहे.

आता ते कंसातलं वाक्य.

तुम्ही लिहिलंय की टेम्प्लेट फाइल पॅकेजात जायची राहिली होती. मला सांगा, त्या दिवशी तुमचं कुलूप असतं तर काय झालं असतं? टेस्ट चालल्या असत्या सोर्सच्या फोल्डरमध्ये. तिथे ती फाइल जागच्या जागी आहे. सगळ्या टेस्ट हिरव्या. कुलूप उघडलं, मोडकं पॅकेज सन्मानाने रजिस्ट्रीवर गेलं. आणि शुक्रवार तसाच वाया गेला असता.

हे मी ठामपणे म्हणू शकते कारण माझ्या हातून तंतोतंत हेच झालंय. पत्ते तपासणारी एक लायब्ररी होती, तिच्या शेजारी पिनकोडची एक सीएसव्ही फाइल. पॅकेज बांधणारं टूल डिफॉल्टने फक्त पायथनच्या फाइली उचलतं, हे मला माहीत होतं. यादीत वेगळं नाव घालावं लागतं, तेही माहीत होतं. फाइलचं नाव बदललं तेव्हा यादीत बदलायचं राहिलं. दोनशेच्या वर टेस्ट होत्या, एकूण एक पास. वापरणाऱ्या टीमकडे पहिल्याच कॉलला 'फाइल सापडत नाही'. मी अर्धा तास त्यांच्याशी वाद घातला की माझ्याकडे चालतंय. चालत होतंच! माझ्याकडे डबा नव्हता, माझ्याकडे स्वयंपाकघर होतं.

तेव्हा लीडचा तो डबेवाला घेऊ. भाजीत मीठ आहे का ते डबेवाला बघत नाही, मान्य. पण झाकण बसलंय का, क्लिप लागलीय का, झाकणावरची खूण वाचता येतेय का, हे त्याच्याइतकं दुसरं कोण बघतं? तुमचा शुक्रवार मीठ कमी पडल्यामुळे गेला नाही, झाकण उघडं राहिल्यामुळे गेला. आणि ते 'पॅकिंगच्या टूलचं' काम आहे, लीडच्याच व्याख्येप्रमाणे. तुम्ही दोघं मिठावरून भांडताय.

हे तपासायची रीत जुनी आणि सोपी आहे. पॅकेज बांधा, एका रिकाम्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये नवं एन्व्हायर्नमेंट तयार करा, त्यात *बांधलेलं पॅकेज* इन्स्टॉल करा, आणि टेस्ट त्याच्यावर चालवा. सोर्सचा फोल्डर रस्त्यात येता कामा नये, कारण पायथन चालू फोल्डरमधलं आधी उचलण्याची शक्यता असते आणि मग तुम्ही पुन्हा स्वयंपाकघरच तपासत बसता. म्हणूनच पुष्कळ जण कोड 'एसआरसी' नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवतात. पायथनचं टॉक्स हेच करतं, आर भाषेचं 'चेक' हेच करतं. डब्यात हे घालायला फार तर शे-दीडशे ओळी लागतील. आणि हे काम पायटेस्ट करू शकत नाही, कारण पॅकेज कसं बांधलं जातं हे त्याला ठाऊक नाही. ते ठाऊक आहे फक्त डब्याला. लीडला सांगायचा मुद्दा हा.

मग टेस्ट चालवायची कशी? इथे मला हास्केल भाषेच्या कबाल या पॅकेज टूलची तोड आवडते. त्यांच्या पॅकेजच्या फाइलमध्ये टेस्टचा एक विभाग असतो आणि त्यात प्रकार सांगायचा असतो. सगळ्यात साध्या प्रकाराचं नाव 'एक्झिटकोड-एसटीडीआयओ-1.0'. अर्थ एवढाच: हा एक प्रोग्राम आहे, तो चालवा, शून्य परत आला तर पास, नाहीतर नापास, आणि त्याने काय छापलं ते माणसाला दाखवा. त्यांनी 'डिटेल्ड-0.9' असा दुसरा प्रकारही केला, ज्यात टूलला एकेक टेस्ट वेगळी कळते. मी पाहिलेल्या बहुतेक पॅकेजांत पहिलाच सापडतो.

तुमच्या डब्याच्या मॅनिफेस्टमध्ये (लायब्ररीची माहिती लिहिलेल्या फाइलमध्ये) अशी एक ओळ वाढवा: टेस्टची कमांड. पायथनवाला तिथे पायटेस्ट लिहील, रस्टवाला कार्गो टेस्ट, आणि एखाद्याची जुनी शेल स्क्रिप्ट असेल तर ती. 'डबा टेस्ट' म्हटलं की डबा पॅकेज बांधेल, रिकाम्या जागी उघडेल, ती कमांड चालवेल. टेस्टला लागणाऱ्या डिपेन्डन्सी वेगळ्या यादीत ठेवा आणि नेहमीच्याच मार्गाने, म्हणजे पायथनला पिपने आणि तुमच्याच रजिस्ट्रीवरून, आणा. सेटअपटूल्सने जिथे ठेच खाल्ली तिथे आपण पुन्हा पाय मारू नये. रस्टच्या दोन-तीन लायब्रऱ्यांना यातलं बरंचसं कार्गो स्वतःच करून देईल, तिथे फार डोकं लावू नका.

शून्याच्या बाबतीत एक सावधगिरी. एकही टेस्ट चालली नाही तर तो पास समजायचा का? पायथनचं युनिटटेस्ट कित्येक वर्षं 'रॅन 0 टेस्ट्स' आणि खाली ऐटीत 'ओके' असं छापायचं. फोल्डरचं नाव चुकलं की सगळं हिरवं. 3.12 व्हर्जनपासून ते अशा वेळी 5 हा कोड परत देतं, पायटेस्ट तर आधीपासूनच देतं. डब्याने हा पाच गिळू नये. ज्या लायब्ररीला टेस्टच नाहीत तिच्यासाठी 'टेस्ट नाहीत' असा तिसरा निकाल दाखवा, नापास म्हणू नका. नापास म्हटलंत की लगेच कुठून तरी ती 'टेस्ट डमी' फाइल उगवेल.

कुलपाबद्दल माझं मत असं की आत्ता लावू नका. चढवताना निकाल नोंदवा आणि रजिस्ट्रीवर व्हर्जनच्या शेजारी दिसू द्या: टेस्ट झाल्या, पडल्या, किंवा नाहीत. वापरणारा ते वाचेल आणि फोन करून विचारेल. सहकाऱ्याने 'अरे, तुझ्या लायब्ररीपुढे पडल्या असं का दिसतंय?' असं चहाच्या वेळी विचारलेलं फार झोंबतं. ज्या टीमला स्वतःहून कुलूप हवं असेल तिला आपल्या लायब्ररीपुरतं मॅनिफेस्टमधून लावता येईल अशी सोय द्या. पॅकेज उघडतंय आणि इम्पोर्ट होतंय की नाही, एवढ्यापुरतं मात्र सगळ्यांना कुलूप असू द्या. ते झाकण आहे, तिथे सवलत नको.

टेस्टच्या फाइली पॅकेजात भरायच्या की नाहीत, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण उद्या येईल. बांधलेल्या पॅकेजात नकोत, असं मी म्हणेन. कमांड टेस्टच्या फाइली सोर्समधून वेगळ्या कॉपी करून घेईल, पण तपासेल बांधलेल्या कोडला. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत घातलेली चोरवाट उघडकीला आली, तेव्हा तिचा मुख्य ऐवज टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलींत दडवलेला निघाला. मुद्दाम बिघडवलेली फाइल, टेस्टसाठी आहे, कोण उघडून बघतंय? एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड हे इंजिनिअर खोलात गेले नसते तर ती आणखी किती पसरली असती कोण जाणे. तुमच्या कंपनीत असं होईल असं नाही. पण जे वापरणाऱ्याला लागत नाही ते त्याच्या मशीनवर कशाला पाठवायचं?

दुसरा प्रश्न, मॅनेजरचा. नका जाऊ. तुमचा लीडशी तंटा तत्त्वाचा आहे असं तुम्हाला वाटतंय. मला पत्रात वेगळंच दिसतं. त्यांनी टूल लिहिलं, चार वर्षं छोटं ठेवलं, आणि ते छोटं राहिल्यामुळेच ते तुमच्या हाती देऊ शकले. तुम्ही एका सोमवारी त्यांच्यापुढे बाराशे ओळी ठेवल्यात, आधी न विचारता. माझ्यापुढे कोणी ठेवल्या असत्या तर मीही एखादी म्हणच फेकली असती. वाचायला वेळ लागतो, म्हणीला लागत नाही. मॅनेजरकडे हा विषय गेला तर तिथे 'टेस्टिंग हवं की नको' असा होईल, आणि टेस्टिंग नको असं कुठला मॅनेजर म्हणेल? तुम्ही जिंकाल, आणि पुढची चार वर्षं तुमचं असर्ट फंक्शन सांभाळत बसाल.

बाराशे ओळींचं वाईट वाटणार, ते साहजिक आहे. त्यातलं रिपोर्टचं काम बहुधा वापरता येईल. टेस्टचं आउटपुट वाचून रजिस्ट्रीवर निकाल मांडायला काहीतरी लागणारच आहे. असर्ट आणि टेस्ट शोधून चालवणारा भाग सोडून द्या. अगदीच जिवावर येत असेल तर वेगळी लायब्ररी म्हणून ठेवा, डब्याच्या बाहेर. कोणाला आवडली तर घेतील.

येत्या आठवड्यात एवढंच करा. रिकाम्या फोल्डरात पॅकेज उघडून टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट डब्याला हात न लावता वेगळी लिहा. ती आधी त्या शुक्रवारच्या मोडक्या व्हर्जनवर चालवा. ती तिथे पडली नाही तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा. पडली, तर आणखी तीन लायब्रऱ्या घ्या: एक तुमची, एक नोडची, आणि तिसरी लीडने स्वतः लिहिलेली, शक्यतो जुनी. त्या तिसरीत एखादी फाइल हमखास राहिलेली सापडेल. सापडली की ती सगळ्यांच्या चॅनेलवर टाकू नका, त्यांच्या टेबलाशी जाऊन दाखवा.